धागा: पोरांना नदी-विहिरीचा धोका नेमका कसा शिकवावा? (सातारा-सांगली)

संगमकाठ
आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी दीड तासाचं सत्र बसवायचं चाललंय. परीक्षा संपल्या की वरती माहुलीपासून कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत आणि खाली पार हरिपूरच्या संगमापर्यंत घाटांवर पोरांची झुंबड असते. 'खोल पाण्यात उतरू नये' हा फलक सगळीकडे आहे, आणि पोरांचे कपडे त्याच फलकाला अडकवलेले असतात. त्यामुळे नुसती मनाई या सत्रात नको आहे.

मसुदा असा: पहिली १५ मिनिटं बुडणारा माणूस कसा दिसतो, मग २० मिनिटं पाणी कसं ओळखायचं, ३० मिनिटं दोरी फेकायचा सराव, आणि उरलेल्या वेळात बाहेर काढल्यावर काय करायचं. पाण्यात कुणालाच उतरवायचं नाही, सगळं शाळेच्या मैदानावर.

पहिला भाग सुचलाय तो असा. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, 'वाचवा' म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात तोंड पाण्याखाली-वर होत असतं, मिळालेला क्षण श्वास घेण्यातच जातो, ओरडायला हवा उरत नाही. हात हलवता येत नाहीत कारण ते पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात, शिडी चढल्यासारखे. शरीर उभं, डोकं मागे, केस डोळ्यांवर, पाय जवळजवळ स्थिर. २० ते ६० सेकंदांत खेळ संपतो आणि शेजारचा म्हणतो, 'अरे आत्ता तर इथंच होता.' मुलांकडून हे करून घ्यायचं: तीन जणांनी मैदानावर 'पोहायचं', त्यातल्या एकानं गुपचूप 'बुडायचं', बाकीच्यांनी ओळखायचं. पहिल्या फेरीत वर्ग हमखास चुकतो.

पाण्याच्या भागात काय काय घ्यावं आणि काय गाळावं? जाणकारांनी लिहावं.

सरळ_हात
चांगला धागा. पण सुरुवात 'पोहता येतं' या शब्दापासून करा. आपल्याकडे पोहता येतं म्हणजे बहुतेक वेळा विहिरीत पोहता येतं. पाठीला पांगऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा नाहीतर डबा बांधून शिकलेलं पोरगं मुटका मारतं, पाच-सात हात मारतं, आणि समोरचा दगड हाताशी येतो. विहिरीचा व्यास आठ-दहा मीटर. तिथं दोन वर्षं रोज पोहलेल्या पोरानंही आधार न घेता सलग १५ मीटर कधी कापलेले नसतात. दम लागला की पायरी, पायरी नसली तर मोटारीचा पाइप. नदीत यातलं काहीच नसतं, आणि वर पाणी वाहतं असतं.

म्हणून मुलांना फळ्यावर हे गणित घालाच. साधारण पोरगं सेकंदाला अर्धा मीटर कापतं. पात्र १०० मीटर रुंद असेल तर पलीकडे जायला २०० सेकंद. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल, म्हणजे माणूस नेहमीच्या चालीनं चालतो त्याहून कमी, तर तेवढ्या वेळात पोरगं २०० मीटर खाली गेलेलं असेल. 'समोरच्या पिंपळाला लागायचं' म्हणून निघालेला खालच्या बंधाऱ्यावर जाऊन पोचतो. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाण्यातसुद्धा धडधाकट माणूस आडवा पडतो.

वेग मोजणं सोपं आहे. काठावर १० मीटरवर दोन खुणा करायच्या, कडब्याचं धाट टाकायचं, सेकंद मोजायचे. २० सेकंदांच्या आत पोचलं तर ते पाणी पोरांचं नाही. हा माझा आकडा आहे, कुठल्या नियमावलीतला नाही. पण अर्धा मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे पोरगं प्रवाहाविरुद्ध जागचं हलत नाही, एवढं गणित त्यामागे आहे. आणि काठाचा वेग फसवा असतो. मधल्या धारेत तो बराच जास्त असतो, म्हणून धाट जमेल तेवढं आत फेकायचं.

तरंगणं मैदानावर शिकवता येत नाही हे खरं, पण सांगता येतं आणि गवतावर झोपवून दाखवता येतं. कान पाण्यात, हनुवटी आभाळाकडे, छाती भरलेली, हात बाजूला हलकेच हलते. पाय खाली जातात, जाऊ द्या, बारीक पोरांचे तर जातातच. छातीत हवा असली की शरीर तरंगतं, ओरडून हवा सोडली की बुडतं. त्यामुळे श्वास पूर्ण सोडायचा नाही. वरच्यावर सोडायचा, लगेच भरायचा.

बर्गे_आणि_गाळे
सरळ_हात यांनी खालच्या बंधाऱ्याचा उल्लेख केलाय म्हणून आधी तेच घेतो. सत्रात दुसरं काही राहिलं तरी चालेल, पण कोल्हापूर पद्धतीचा बंधारा राहता कामा नये.

बंधारा म्हणजे ओळीनं खांब, दोन खांबांमध्ये गाळा, गाळ्यात एकावर एक बसवलेले बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा सरला की बर्गे घालतात, पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढतात. मधल्या काळात वरच्या अंगाला पाणी संथ, तळ्यासारखं दिसतं. पोरांना वाटतं हीच सगळ्यात सुरक्षित जागा. पण खालच्या अंगाला पाणी द्यायचं असलं की खालचा एखादा बर्गा काढतात. ३ मीटर पाण्याच्या दाबाखाली त्या फटीतून निघणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या पुढे जातो, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. जगातला सगळ्यात वेगवान जलतरणपटू ५० मीटरच्या शर्यतीत ताशी ८-९ किलोमीटरनं जातो. वर पृष्ठभागावर फक्त बारीकसा भोवरा दिसतो, कधीकधी तोही नाही. पाय त्या फटीत ओढला गेला की वरून चार माणसांनी ओढूनही निघत नाही, कारण एक चौरस मीटरवर ३ टनांचा दाब असतो. नियम एकच: बर्गे घातलेले असोत वा नसोत, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नजरेच्या टप्प्यात पोहायचं नाही.

खालचं अंग याच्या उलट. पाणी बंधाऱ्यावरून पडत असतं तेव्हा पायथ्याला पांढरा फेस दिसतो. तिथं पाणी खाली जातं, तळाशी पुढे सरकतं, वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे मागे येतं. त्यात सापडलेला माणूस, फुटका चेंडू, लाकडाचा ओंडका सगळं तिथंच फिरत राहतं. शिवाय फेसात निम्मी हवा असते, त्यामुळे शरीर नेहमीसारखं तरंगतच नाही. मुलांना दाखवायचं असेल तर लांब पुलावरून दाखवा: फेसात अडकलेली प्लास्टिकची बाटली पंधरा मिनिटं तिथंच नाचताना दिसते. दुसऱ्या कशानं कळणार नाही इतकं त्यानं कळतं.

दुसरी गोष्ट विसर्गाची. कोयनेच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू झालं की १,०५० क्युसेक, दोन्ही चालली की २,१०० क्युसेक पाणी नदीत येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हिशेब करा, दर सेकंदाला १० हजार लिटरचे सहा टँकर. धोम, कण्हेर, उरमोडी यांचंही तेच. भोंगा धरणाजवळ वाजतो, तुमच्या घाटावर ऐकू येत नाही. आभाळ निरभ्र असतं, महाबळेश्वरला धो धो कोसळत असतं आणि खाली पाणी चढतं. म्हणून उतरताना पाण्याच्या कडेला काडी रोवायची आणि अधूनमधून बघायची. काडी बुडाली की निमूट बाहेर यायचं, चर्चा करायची नाही. निवळ पाणी अचानक गढूळ होणं, काडीकचरा वाहत येणं, आवाज बदलणं या खुणाही सांगा.

कालव्याचं वेगळं. आवर्तन (शेतीच्या पाण्याची पाळी) सुटलं की आरफळच्या किंवा कृष्णा कालव्याच्या अस्तरीकरण केलेल्या भागात पोरं उड्या मारतात. काँक्रीटचा उतार, त्यावर शेवाळ, धरायला काही नाही. तिथं बुडतात ती पोहता न आल्यानं नाही, बाहेर पडता न आल्यानं. उतारावर नखं घासत दमायचं नाही. पाठीवर पडून, पाय पुढे करून वाहत जायचं आणि पुढची पायरी किंवा शिडी येते तिथं तिरकं कडेला लागायचं. पुढे सायफन (कालवा बंद नळीतून खाली जातो ती जागा) किंवा जाळी असेल तर ही युक्ती चालत नाही. म्हणून कालव्यात मुळात उतरायचंच नाही.

दहावी_सुटली
एक विचारू? तुम्ही सगळे जे सांगताय ते निम्म्या पोरांना अर्धंमुर्धं माहीत असतंय. प्रॉब्लेम तो नाही. पाच जण उड्या मारतात आणि सहावा काठावर बसला की त्याला महिनाभर चिडवतात. त्याचं काय करायचं ते सत्रात आहे का?

संगमकाठ
नव्हतं. आता घेतो. काय सुचतंय तुला?

दहावी_सुटली
कारणं पाठ करून घ्या. 'भीती वाटते' कुणी म्हणणार नाही राव. पण 'कानात ड्रॉप घातलेत, डॉक्टरनं पाणी लावू नको म्हटलंय' हे चालतं. 'मोबाईल सांभाळायला एक जण पाहिजे' हे तर लई भारी चालतं, कारण खरंच पाहिजे असतो. त्या मोबाईलवाल्यालाच दोरी आणि डबा द्या, त्याला काम मिळालं की तो भित्रा ठरत नाही.

सरळ_हात
+१. या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत टाकतोय. काठावरच्या माणसाला काहीतरी नावही द्या, 'पहारा' वगैरे. एक पहारा असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही आणि पहारा दर अर्ध्या तासानं बदलायचा.

यातच पैजांचं घ्या. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, ही पैज. आधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेऊन बुडी मारतात. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि 'श्वास घे' असं सांगणारी घंटा तोच वाजवत असतो. घंटा वाजायच्या आत शुद्ध हरपते, गटांगळीही न खाता. वरच्यांना वाटतं पोरगं अजून पैज जिंकतंय.

आणि डोक्यावर सूर मारणं. किमान ९ फूट पाण्याची खात्री असल्याशिवाय नाही. कृष्णेचं पाणी गढूळ, तळाशी काल नसलेला ओंडका आज असतो. मान मोडली की बहुतेकदा आयुष्यभर खाट. अनोळखी पाण्यात पहिल्यांदा पाय आधी, तेही काठावरून चालत.

ओढा_अडवा
वाळू उपशाचे खड्डे कुणीच लिहिले नाहीत. कमरेइतक्या पाण्यात चालत असताना पुढच्या पावलाला ठाव लागत नाही, हे नदीतल्या निम्म्या अपघातांचं मूळ आहे असं मला वाटतं. उपसा झालेल्या जागी कड उभी असते आणि ती वाळूचीच असल्यानं पाय ठेवला की ढासळते. त्यामुळे मागे फिरूनही वर चढता येत नाही. 'गेल्या वर्षी इथंच पोहलो होतो' या वाक्याला नदीत काही अर्थ नाही.

शिवाय नदीकाठच्या मोटारी. काठानं केबली पाण्यातून गेलेल्या असतात, जोड उघडे असतात. पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं की लोखंडी पाइपला हात लावायचा नाही, आलेल्या वाटेनं मागे फिरायचं. काठावरच्यानं आत उडी मारायची नाही, आधी स्टार्टर बंद करायचा. आणि फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे मोटारीच्या पाइपच्या पाण्यातल्या तोंडाच्या, जाळीजवळ, जॅकवेलच्या (पाणी उपसायला काठावर बांधलेल्या विहिरीच्या) तोंडाशी कधीच जायचं नाही. तिथं मोटार चालू झाली की पाणी आत ओढलं जातं आणि मोटार कधी चालू होईल ते महावितरणच्या वेळापत्रकावर ठरतं.

जतची_माती
नदीवाल्यांनो, आमच्याकडे नदी नाही, पण शेततळी आहेत. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, खानापूर, घराघराला तळं. यावर सविस्तर लिहितो, कारण पूर्व भागातल्या शाळेत बंधारा शिकवून उपयोग नाही.

नेहमीचं तळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल. आत ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिक कागद. कडेचा उतार साधारण पंचेचाळीस अंशांचा. कोरड्या कागदावर चप्पल घालूनही उभं राहता येत नाही. ओल्यावर शेवाळाचा पातळ थर बसला की साबण लावलेल्या काचेसारखं होतं. लहान मूल चेंडू काढायला वाकतं, घसरतं, आणि काठापासून दोन हातांवर असूनही वर येऊ शकत नाही. त्याला धरायला गेलेली आई किंवा भाऊही तसाच आत. पट्टीचा पोहणारासुद्धा तासभर कडेनं फिरत राहील आणि दमेल. इथं पोहण्याचा संबंधच येत नाही.

उपाय स्वस्त आहेत. एक, चारही बाजूंना मध्यावर एकेक दोर. कडेपासून दोन-तीन फूट मागे मजबूत खुंट पक्का ठोकायचा, त्याला दोर बांधून तळापर्यंत सोडायचा. दोराला दर फुटावर गाठ, नाहीतर ओला हात सरकतो. दोन, जुन्या दुचाकीचे टायर एकाखाली एक बांधून शिडी. टायरला पाय अडकतो, हातानं धरता येतं आणि कागद फाटत नाही. लोखंडी शिडी टाकू नका, कागद फाटला की मालकच ती काढून ठेवतो. तीन, मध्ये एक आडवा दोर, त्याला दहा-दहा फुटांवर झाकण घट्ट लावलेले रिकामे डबे. चार, कुंपण आणि दाराला कडी, कडी मोठ्या माणसाच्या उंचीवर. दोर, टायर आणि डब्यांचा खर्च फार नाही, तरी दहातल्या आठ तळ्यांवर एकही दोर दिसत नाही. राग येतो कधीकधी.

मुलांना सांगायचं ते इतकंच: कागदावर पाय पडला म्हणजे पाण्यात पडलाच असं समजा. चेंडू, चप्पल, करडू, काहीही पडलं तरी काढायला जायचं नाही. कुणी पडलं तर उभं राहून हात द्यायचा नाही. कडेच्या मागे पालथं झोपायचं, कुणीतरी आपले पाय धरायचे, मग ओढणी, शर्ट, ठिबकची नळी, हाताशी येईल ते सोडायचं.

घाटाची_शेवटची_पायरी
जतची_माती, हे शेततळ्याचं वेगळं पत्रक काढा हो.

संगमकाठ यांना एक सुचवते. मसुद्यात 'मुलामुलींसाठी' लिहिलंय, पण पुढची सगळी उदाहरणं उड्या मारणाऱ्या मुलांची आहेत. मुली पोहायला जात नाहीत, त्या कपडे धुवायला, निर्माल्य सोडायला, दहाव्याला घाटावर जातात. वाईचा घाट असो की औदुंबरचा, धोका पाण्याखालच्या पायऱ्यांचा. शेवाळ धरलेली, झिजलेली, मधेच तुटलेली पायरी. बादली भरायला वाकलं की तोल पुढे जातो. उतरताना कडेकडेनं, एक हात साखळीला नाहीतर दगडाला. बसून घासायचं, उभ्यानं वाकून नाही. बादली भरायची ती तिचं तोंड पाणी वाहत जातं त्या बाजूला करून, उलट धरली की पाणी बादलीसकट ओढतं.

आणि कपड्यांविषयी एक गैरसमज काढा. पंजाबी ड्रेस किंवा साडी पाण्यात माणसाला तळाशी खेचत नाही. पाण्यात ओल्या कापडाला फारसं वजन नसतं, उलट पहिली एक-दोन मिनिटं त्यात हवा अडकून थोडा आधारच मिळतो. अडचण होते ती हातपाय मारताना कापड गुंडाळल्यानं आणि बाहेर निघताना, तेव्हा ते खरोखर जड होतं. म्हणून कपडे काढण्यात दम घालवायचा नाही. ओढणी गळ्यातून सोडवायची, पाठीवर तरंगायचं.

कृष्णेचा_डोह
सांगलीच्या सत्रात मगर घ्यावी लागेल, नाहीतर मुलं तेच विचारत बसतील. भिलवडी-औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत. थंडीत आणि उन्हाळ्यात सकाळी वाळूवर ऊन खात पडलेल्या दिसतात. साधारण फेब्रुवारी ते जून या काळात मादी काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि राखत बसते, तेव्हा ती जास्त आक्रमक असते. संध्याकाळी-पहाटे पाण्यात उतरायचं नाही, मगर दिसलेल्या काठावर कपडे धुवायचे नाहीत, कोंबडीची घाण नदीत टाकायची नाही. दिसली तर दगड मारायचे नाहीत, वन विभागाला कळवायचं. एवढं पुरे. मगरीच्या गोष्टी रंगतात आणि बंधारा राहून जातो.

सरळ_हात
अवांतर पण गरजेचं: इकडची पोरं सहलीला गणपतीपुळे, गुहागर, तारकर्लीला जातात तेव्हा नदीचं ज्ञान तिथं उलटं पडतं. लाटांच्या मध्ये जो गडद, शांत पट्टा दिसतो, तिथूनच पाणी आत समुद्रात परत जात असतं. आत ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं, ओढ संपली की तिरकं परत. दमलात तर तरंगा आणि एक हात वर करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा फक्त पाय भिजवा.

रात्रपाळी_सिस्टर
शेवटच्या भागाचं लिहिते. मसुद्यात 'बाहेर काढल्यावर काय करायचं' याला किती वेळ आहे? २० मिनिटं तरी ठेवा, कारण इथं शिकवण्यापेक्षा जुनं विसरायला लावायचं काम मोठं आहे.

पोट दाबायचं नाही. उलटं टांगायचं नाही. पोटावर घेऊन फिरवायचं नाही. पोटातलं पाणी बाहेर आलं म्हणजे फुप्फुसातलं आलं असं नसतं. पोट दाबलं की उलटी होते आणि ती श्वासनळीत जाते. प्राणवायूविना चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि तेवढा वेळ या खटाटोपात जातो.

करायचं ते असं. एकानं १०८ ला फोन, स्पीकर चालू. माणूस कठीण जमिनीवर उताणा, वाळूच्या उतारावर नाही. डोकं मागे, हनुवटी वर, १० सेकंदांपर्यंत छाती हलते का बघा. अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास म्हणजे श्वास नव्हे. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडानं आधी ५ श्वास, छाती उचलली जाईल इतकेच. मग छातीच्या मधोमध ३० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीनं, पुन्हा २ श्वास. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. तोंडातून फेस येत राहतो, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवा, साफ करा, पुन्हा सुरू. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

बर्गे_आणि_गाळे
ताई, आम्हाला एका प्रशिक्षणात आधी २ श्वास सांगितले होते. आणि दुसऱ्या ठिकाणी श्वास नकोतच, फक्त छाती दाबा.

रात्रपाळी_सिस्टर
दादा, ५ ही युरोपची पद्धत, २ ही अमेरिकेची. दोन्ही चालतील, वर्गात एकच शिकवा म्हणजे गोंधळ होत नाही. 'फक्त छाती दाबा' हे रस्त्यात अचानक कोसळलेल्या माणसासाठी सोपं करून सांगितलेलं आहे. त्याच्या रक्तात काही मिनिटांपुरता प्राणवायू असतो. बुडालेल्याचा प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून त्याला श्वास हवेतच. तोंड लावायला कुणाचं मन धजावत नसेल तर निदान दाब तरी द्यावेत, काहीच न करण्यापेक्षा ते बरं.

आणि शुद्धीवर आला, बोलायला लागला, चहा प्यायला, तरी रुग्णालयात न्यायचाच. सहा-आठ तास लक्ष ठेवावं लागतं, फुप्फुसांना सूज नंतर येऊ शकते. 'आता बरा आहे, घरी नेतो' हे वाक्य ऐकून घेऊ नका. ओले कपडे काढून कोरडं पांघरूण द्या, उन्हाळ्यातसुद्धा.

निळा_डबा
दोरीच्या सरावाला ३० मिनिटं ठेवलीत ती योग्य. एक बुडाला की दुसरा उडी मारतो आणि दोघंही जातात. बुडणारा आपल्याला ओळखत नसतो, तो डोक्यावर चढतो. सत्रातून एकच गोष्ट पोरांच्या हातात बसणार असेल तर ती दोरी असावी.

साहित्य: ५ लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, त्यात अर्धा लिटर पाणी (पूर्ण रिकामा कॅन वाऱ्यानं भरकटतो), झाकण घट्ट, वरून टेप. माणसाचं डोकं चार-पाच किलोंचं. एवढा कॅन छातीशी कवटाळला तर तोंड वर ठेवायला पुरतो. दोरी १५ ते २० मीटर, ८ ते १० मिलिमीटर जाड. नायलॉन घेऊ नका, ते बुडतं आणि पायात गुंततं. दुकानात प्लास्टिकची म्हणून मिळते ती पॉलिप्रॉपिलीनची तरंगते. खात्री नसेल तर तुकडा कापून बादलीत टाकून बघा. ट्यूब टाळा. मोठी ट्यूब उलटली की माणूस डोकं खाली पाय वर असा अडकतो.

फेकायची पद्धत: दोरीचं मोकळं टोक डाव्या पायाखाली. हाताला किंवा कमरेला गुंडाळायचं नाही, नाहीतर ओढले जाल. निम्मी वेटोळी एका हातात, निम्मी कॅनसोबत दुसऱ्या हातात. आधी नावानं हाक मारायची, त्यानं बघितलं की खालून झोका देऊन त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकायची. कॅन त्याच्यापुढे पडला आणि दोरी खांद्यावर आली तर त्याच्या हाताला लागते. अलीकडे पडली तर फुकट. धरली की खेचाखेच करायची नाही. खाली बसायचं, पाय रोवायचे, प्रवाहच त्याला झोका देऊन कडेला आणतो.

मैदानावर ८ आणि १२ मीटरवर टायर ठेवा, प्रत्येकानं पाच फेका. पहिला नेम बहुतेकांचा चुकतो आणि मग पोरं वेटोळी नीट करत बसतात. दुसरी फेक २० सेकंदांत झाली पाहिजे. दोरी भराभर पायाशी ओढायची आणि तशीच फेकायची. मुली या सरावात मुलांपेक्षा लवकर तयार होतात, कारण त्या जोर न लावता झोका देतात.

अजून एक, विसर्जनाच्या दिवसाचं आणि पुराचं. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर अडकवू नका. पट्टे लावल्यावर दुसऱ्यानं खांद्यांना धरून वर उचलून बघायचं, कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात निघून जाणार. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि तिथं धोका पातळी ४५ फुटांची आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली. बोटीत किती माणसं बसवायची हे बोटीवाल्यावर सोडायचं नाही, आणि जॅकेट नसेल तर पुढच्या फेरीची वाट बघायची.

संगमकाठ
सगळ्यांचे आभार. दीड तासात हे मावत नाही, म्हणून दोन दिवस करतो: पहिल्या दिवशी पाणी आणि पहारा, दुसऱ्या दिवशी दोरी आणि छातीदाब. पूर्व भागातल्या शाळांना बंधाऱ्याऐवजी शेततळं. एक शंका उरली. घाटावर कायमचे कॅन लावले तर दोरी चोरीला जाते. म्हशीला बांधायला नेतात लोक. यावर काही?

निळा_डबा
दोरीला दर मीटरला गाठ मारा, म्हणजे ती दाव्याला नीट चालत नाही, आणि बुडणाऱ्याच्या हाताला मात्र चांगली पकड मिळते. कॅनला लाल-पांढरा रंग द्या, बुडाला भोक पाडायचा मोह कुणाला होऊ नये म्हणून खाली 'रिकामा, पाण्याचा नाही' असं लिहा. घाटावरच्या चहाच्या टपरीवाल्याकडे किंवा गुरवांकडे दुसरा संच ठेवा. आणि ही दोरी उन्हानं झिजते, वर्षभरात हाताला पांढरी भुकटी लागायला लागते. तशी लागली की ओढून बघायचीही गरज नाही, बदला. आम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बदलतो, निकालाच्या आधी.